दोन चिठ्ठ्या आणि मनूची पाठ

मनूच्या मावशीच्या लग्नात मनूला घालायला मी घागरा घरीच शिवत होते. घेर एका बाजूने खाली लोंबत होता. दोनदा उसवला, पुन्हा मापं घेतली, तरी तेच. शेवटी वैतागून मी तिच्यावरच ओरडले, "सरळ उभी राह ना वं!" ती म्हणाली, "आजी, मी सरळच उभी आहे." तेव्हा कुठे मी कापड सोडून पोरीच्या पाठीकडे पाहिलं. एक खांदा वर, एक खाली. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई मी, पण दोष कात्रीत शोधत बसले. 'मी सरळच उभी आहे' हे तिचं वाक्य आजही मला झोपू देत नाही.

मनू माझी नात, बारा वर्षांची. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे फोटो काढून दाखवला. कणा मधोमध वळला होता. ते म्हणाले, "उंची वाढते आहे तोवर वाक वाढायची भीती आहे. मापाचा कडक ब्रेस, म्हणजे पाठीचा पट्टा, करून घ्या. आंघोळ-खेळ सोडून दिवसरात्र घालायचा. उशीर नको." आम्ही मान डोलावली आणि बाहेर पडलो. वाटेत एका दुकानात मऊ पट्टा दिसला. दुकानदार म्हणाला, यानंही भागतं, ड्रेसच्या आत दिसतही नाही. मनूनं तोच छातीशी धरला. "कडक घातला तर वर्गात सगळे हसतील," म्हणून रडली. माझा मुलगा म्हणे डॉक्टर सांगतील तेच. सुनेचं मन पोरीकडे पाहून डळमळायचं. आणि दोघंही शेवटी मलाच म्हणाले, "आई, ती तुमचंच ऐकते. तुम्ही सांगा." आठवडाभरात मापाला जायचं होतं. माझ्या तोंडातून चुकीचा शब्द गेला, तर त्या पोरीनं तो जन्मभर पाठीवर वागवायचा! घास उतरेना. पूजेत मन लागेना.

आमच्या घरात निर्णय अडला की देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याला काही ठाऊक नाही अशा लेकराकडून एक उचलून घेतात. मीही एका सकाळी आमच्या प्रताप नगरातल्या गणपतीपुढे चिठ्ठ्या ठेवल्या. आता कबूल करते, लाज वाटली तरी करते. मी दोन्हींवर 'मऊ' लिहिलं होतं. मला देवाचं मत नकोच होतं. मला पोरीचं रडणं थांबवायचं होतं आणि उद्या काही बिघडलं तर दोष द्यायला देव हवा होता.

देवळात एक अनोळखी मुलगी आईबरोबर उभी होती, असेल चौदा वर्षांची. मी म्हटलं, "बाळा, यातली एक चिठ्ठी उचलून दे." ती हो म्हणाली, पण वाकली नाही. पाठ ताठच ठेवून गुडघ्यांवर हळूहळू खाली बसली आणि तशीच वर उठली.

माझ्या तोंडून निघालं, "काहून वं, कंबर दुखते का?"

तिनं हसून पोटावर बोटांनी वाजवलं. टक टक. "नाही आजी, आत पट्टा आहे, कडकवाला. कणा वाकडा आहे ना माझा."

तिनं चिठ्ठी उलगडली. "मऊ. म्हणजे काय?" मी उत्तर द्यायच्या आधी तिनं दुसरीही उघडली आणि खुदकन हसली. "हे काय आजी! तुम्ही तर देवालेच फसवून राहिल्या!"

मी तिथेच बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. तिची आई माझ्याजवळ टेकली. भिवापूरची. तपासणीसाठी आल्या होत्या, इथं भावाकडे उतरल्या होत्या. म्हणाली, "आम्ही बी पयले मऊच घेतला होता, काकू. पोरगी रडे म्हणून. सहा महिन्यांत वाक वाढला. मंग हा घेतला. तुम्ही डॉक्टरलेच पुन्हा विचारा, पण पोरीच्या रडण्याले भेऊ नका. पंधरा दिवस रडते, मंग सवय होते. आत शिवण नसलेलं सुती बनियान घाला, कातडं सोलत नाही." मी मनूबद्दल सांगितलं तशी ती मुलगी आपणहून म्हणाली, "तिले घेऊन या नं. मी दाखवतो."

मनूला घेऊन आले. दोघी देवळाच्या ओट्यावर कितीतरी वेळ बोलत बसल्या. काय बोलल्या, मी विचारलं नाही. घरी येताना मनू एवढंच म्हणाली, "आजी, ती सायकल पण चालवते." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं मोकळेपणी विचारलं आणि कडक ब्रेसचं माप दिलं.

हा चमत्कार होता की योगायोग, मला सांगता येणार नाही. देवळात रोज इतकी लेकरं येतात, त्यातून मी नेमकं तिलाच बोलावलं, एवढं खरं. मी देवाचं तोंड बंद करून गेले होते. तो त्या मुलीच्या हाताने बोलला, असं माझ्यापुरतं मी मानते.

काळजी संपलेली नाही. पुढचा फोटो अजून निघायचा आहे. वाक थांबला की नाही, ते तेव्हाच कळेल. ब्रेसच्या बंदांवर पेनाने खुणा केल्या आहेत, तिथवर बंद आवळायचे. सुरुवातीला मी मायेपोटी एक बोट सैल सोडायची. आता नाही. रोज सकाळी मनू श्वास रोखते, मी "गजानना, पुढचं तुझं" म्हणते आणि बंद खुणेपर्यंत ओढते. एक बोट सैल सोडावंसं अजूनही वाटतं. पण खुणेच्या अलीकडे थांबत नाही.