गोदाकाकूचं हसू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – त्याला सांगणं म्हणजे मंगळवार पेठेत भोंगा लावून सांगणं. पण ते खरं कारण नव्हे. खरं कारण मला चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच आज लिहायला बसले.

गोदाकाकूला तुम्ही ओळखता. टीव्हीवरच्या कार्टूनमधली, कोल्हापूरची, लाटणं घेऊन नवऱ्यामागे धावणारी, सतरा वर्षांत एका दिवसानेही म्हातारी न झालेली. तिचा आवाज मी देते. लोक मला भाजी घेताना गाठतात आणि पडद्यामागच्या गमती विचारतात. मीही हौसेने सांगते. काकू भाकरी थापते तो आवाज म्हणजे आमचे दिग्दर्शक स्वतःच्या मांडीवर थापा मारतात. म्हैस हंबरते ती आमच्या रेकॉर्डिस्टच्या तोंडून. आधी आवाज रेकॉर्ड होतो आणि मग त्यावर चित्रं हलवतात, हे ऐकून तर लोक तोंडात बोट घालतात. एवढं सगळं भडाभडा सांगते – मग एकच गोष्ट का गिळून टाकते?

कारण शेवटी कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, एकदा गोदाकाकूसारखं हसून दाखवा की!" आणि माझा हात गळ्याकडे जातो. घसा बसलाय हो. सतरा वर्षं माझा घसा बसलेलाच आहे.

ते हसू माझं नाही. घ्या – म्हणून टाकलं एकदाचं.

ते सुशीलाआक्कांचं आहे. आक्का मूळच्या आजऱ्याकडच्या, स्टुडिओमागच्या गल्लीत राहायच्या आणि आम्हाला दुपारचे डबे आणून द्यायच्या. स्टुडिओ म्हणजे तरी काय? भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली. पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग चाललेलं, आणि मला काही केल्या हसता येईना. मी बालवाडीत शिकवणारी – माझं हसू तोंडावर रुमाल धरून हसायचं. तेवढ्यात आक्का डबे घेऊन आल्या. भिंतीवर काकूचं चित्र लावलेलं होतं, अंबाडा सुटलेला, लाटणं उगारलेलं. ते बघून म्हणाल्या, "आगं बाई, ही तर आमची सासूच हाय की!" – आणि हसल्या. माइक चालूच होता. आधी पोटातून घुमणारं, मध्येच उचकी लागल्यासारखं अडकणारं, शेवटी बारीक शिट्टी होऊन विरणारं हसू. चित्रकारांनी त्या हसण्यावर काकूचं पोट गदगदा हलवलं. मग मी कितीही हसले तरी त्या चित्राशी जुळेना. शेवटी आक्कांचंच हसू ठेवलं, आणि दर भागात तेच लावत गेलो.

इथवर काय बिघडलं होतं? काहीच नाही. दिग्दर्शक म्हणाले, शेवटी नावं येतात त्यात आक्कांचंही नाव घालू. आणि मी – लिहिताना हात अडतोय, पण लिहिते – मी म्हणाले, "तिचं नाव येणार असेल तर दुसरी गोदाकाकू शोधा. डबेवालीचं नाव माझ्या शेजारी?" याच शब्दांत म्हणाले. त्यांनी नाव गाळलं. आक्कांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

आक्कांनी टीव्हीवर स्वतःचं हसू ओळखलं, हरखून गेल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या. नाव आलं नाही याबद्दल एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट माझ्या डब्यात तिखट कमी घालायच्या. "बाईंचा घसा हाय, जपाय पायजे."

मग त्यांच्या गल्लीतल्या तालमीच्या गणपतीत बायकांच्या कार्यक्रमाला मला पाहुणी म्हणून बोलावलं. मांडव गच्च भरलेला. एक बाई उठून म्हणाली, "ओ ताई, आमच्या सुशीलाआक्का म्हणत्यात, टीव्हीतलं हसणं त्यांचं हाय. खरं काय ओ?" आक्का तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नवं लुगडं नेसून. माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू आता मी त्यांचं नाव पुकारणारच आहे.

मी माइक घेतला. म्हणाले, "आक्कांच्या हातचं खाऊनच मला हसू फुटतं. पण हसणं मात्र माझंच, बरं का!"

मांडव खदखदून हसला. शेजारीण आक्कांना कोपरखळी मारत म्हणाली, "काय आक्का, थापा मारताय व्हय? मग हसून दाखवा बघू!"

एकदा हसल्या असत्या तर? एकदाच? मी तिथल्या तिथे उघडी पडले असते. आक्कांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा त्यांना काय सांगत होता, मला माहीत नाही. त्या खाली बघून म्हणाल्या, "मस्करी केलती गं. बाईंचंच हाय ते."

दुसऱ्या दिवशी डबा आला. तिखट कमी घातलेला.

कळंब्याजवळचं माझं घर, मुलीचं शिक्षण, गळ्यात पडलेले हार – लोकांनी प्रेम केलं ते त्या हसण्यावर. मी बोलते तेव्हा कुणी टीव्हीकडे मान वळवत नाही, काकू हसली की वळवतात. हे मला पहिल्यापासून कळत होतं. आक्कांची आठवण झाली की लाज वाटतेच, पण त्याहून जास्त मन भरून येतं. एवढं मला आईनंतर कुणीच दिलेलं नाही, आणि तेही मी हिसकावून घेतल्यावर.

गेल्या महिन्यात त्यांना भेटायला गेले. आता गुडघे धरलेत, डबे बंद झालेत. दारात बसून चहा पीत होतो. समोरच्या घरातला एक बोकड दोरीवर वाळत घातलेला लेंगा तोंडात धरून पळाला, आणि आक्का हसल्या. अगदी तसंच – पोटातून, अडकत, शिट्टी होऊन.

शेजारची नवी सून दारातून डोकावली. "आज्जी, गोदाकाकूची नक्कल लई भारी करताय वो तुमी!"

"व्हय बाई," आक्का म्हणाल्या, "टीव्हीत बघून बघून शिकलो."

मी शेजारीच बसले होते. कपातला चहा संपवला.