पानाचा शेवटचा शब्द

इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी कुठे मोडला आहे, एवढ्यावरून माणसाची लायकी ठरवणारा दुसरा गृहस्थ इंदुरात नव्हता. माझ्या बायकोचे मामा सरकारी कचेरीत इंग्रजीचे टायपिस्ट होते. संस्थान गेले, मध्यभारत आला. मामासाहेबांचा बंद गळ्याचा कोट आणि शब्द मोडण्याचे नियम मात्र जागचे हलले नाहीत. ओळ संपत आल्याची घंटी वाजली की इतर टायपिस्ट घाई करत, मामासाहेब थांबत. हनुवटीखाली पालथा हात धरून शब्द सावकाश उच्चारत. हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकेल, तितके त्याचे तुकडे. 'स्ट्रेंग्थ' लिहायला आठ अक्षरे लागतात, पण हनुवटी एकदाच टेकते. म्हणून तो अखंड ठेवायचा. माणसाचे नाव मोडायचे नाही. पानाचा शेवटचा शब्द तर मुळीच नाही. "अर्धा शब्द इथे, अर्धा पान उलटल्यावर! वाचणाऱ्याने मधे काय धर्मशाळेत उतरायचं?"

तुकोगंजातल्या एका लग्नात पंगतीला बसल्याबसल्या ते असेच हनुवटीखाली हात धरून पुटपुटत होते. दाढ दुखते आहे असे समजून यजमानांनी लवंग आणून दिली. मामासाहेबांनी ती खाल्ली आणि पुटपुटणे चालू ठेवले. माझे लग्न ठरताना मी त्यांना इंग्रजीत पत्र लिहिले होते. मुलगा कसा वाटतो, असे घरच्यांनी विचारल्यावर ते म्हणाले, "मुलगा ठीक आहे. शब्द वाटेल तिथे तोडतो. पोरीला जरा सांभाळून राहायला सांगा."

पुढे कचेरीचे काम हिंदीत होऊ लागले. इंग्रजी टायपिस्टांनी हिंदी मशीन शिकावे, नाहीतर जागा सोडावी, असे ठरले. मामींनी खजरान्याच्या गणपतीला नवस बोलला आणि रोज जेवताना विषय काढला.

"अहो, सगळे शिकतायत. तुम्हालाच काय अडचण आहे?"

"त्या मशीनवर शब्द कुठेही तोडला तरी कोणी बोलत नाही."

"मग बरंच आहे की! तुम्हाला कोणी बोललेलं आवडतं का?"

मामासाहेब शिकले नाहीत. त्यांचे साहेब भले होते. एक इंग्रजी टायपिस्ट ठेवावा आणि तो हाच असावा, अशी शिफारस त्यांनी लिहिली व मामासाहेबांनाच टाइप करायला दिली. दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरला निर्णय व्हायचा होता. कागद संध्याकाळच्या टपालाने जाणे भाग होते. मामासाहेबांनी तो प्रथमच घाई करून वेळेत टाइप केला. सहीला नेण्यापूर्वी वाचला, तेव्हा पहिल्या पानाचा शेवटचा शब्द अर्धा दुसऱ्या पानावर गेलेला दिसला. त्यांनी पान काढले, नवे चढवले, पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

चपराशी दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा दारातूनच म्हणाला, "बाबूजी, डाक तो निकल गई."

साहेबांनी जुने आणि नवे पान शेजारी ठेवून पाहिले. "अरे बाबूजी, उस शब्द को वहाँ कौन देखता?"

"मी पाहिला ना, साहेब."

शिफारस पोहोचली तेव्हा निर्णय होऊन गेला होता. मामासाहेबांना आवक-जावक विभागात बसवले. तिथे पाकिटे बंद करून त्यांवर तिकिटे लावायची असतात. पाकिटातले वाचायचे नसते. कोट घालून ते वेळेवर जातात, वेळेवर येतात.

मागच्या महिन्यात आम्ही भेटायला गेलो. मी वर्तमानपत्रातला माणूस. मुद्दाम दोन-तीन चुकीची विधाने ठोकून दिली. मामासाहेब मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे." भाजीत मीठ जास्त पडल्याचे मामी म्हणाल्या, त्यालाही "बरोबर आहे." जेवण उरकून ते आत जाऊन पडले.

मामी आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आल्या. कडी लावता लावता म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून वाट पाहिली हो, यांनी एकदा तरी 'बरोबर आहे' म्हणावं म्हणून. आता म्हणतात, तर ऐकवत नाही."