फार्कर गनने सोडलेला मासा

फार्कर गनला मी चाळीस वर्षं ओळखते, आणि त्यातली निम्मी तरी त्याच्यावर चिडण्यात गेली. नदीकाठच्या बंगल्यावर मी स्वयंपाक करते आणि तो तिथला घिली. म्हणजे गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांना डोहावर न्यायचं, सॅमन कुठल्या दगडाआड बसलाय ते दाखवायचं, आणि पाहुणाच पाण्यात पडला तर त्याला कॉलर धरून बाहेर ओढायचं. त्याचा बापही हेच करायचा. बापाच्या काळात संध्याकाळी बंगल्यासमोरच्या गवतावर मेलेले मासे ओळीने मांडत, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस. पाहुणे त्या ओळीमागे उभे राहून फोटो काढून घेत.

पुढे ओळ आखूड होत गेली. एका वर्षी सबंध मे महिन्यात गवतावर तीन मासे आले. तेव्हा फार्करने मालकांना सांगितलं, यापुढे मी धरलेला मासा मारणार नाही, सोडणार. मालक हसले. दारूच्या गुत्त्यात तर त्याला कोणी सोडलंच नाही. "मग गळ कशाला टाकतोस रे? नुसता काठावर बसून माशांची ख्यालीखुशाली विचार की!" हा आपला ग्लास संपवून घरी जायचा. नंतर सरकारनेच कायदा केला, की आमच्या नदीतला सॅमन कोणी घरी न्यायचा नाही, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. मग हसणारेच सांगू लागले की आम्ही आधीपासून म्हणत होतो.

खरं सांगायचं तर मासा सोडावा तो फार्करनेच. कमरेएवढ्या गार पाण्यात उभा राहून तो गळ हळूच काढायचा, मासा पाण्याबाहेर घ्यायचाच नाही. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. मग थांबायचं. "आधी नुसता पडून असतो गं," तो मला सांगायचा. "मग कल्ले हलायला लागतात. मग एकदम त्याच्या अंगात जोर भरतो, तो तळहाताला कळतो. आणि गेला! त्यापुढे मला सगळं फिकं वाटतं बघ, डोलिना." हे सांगताना त्याचा तो दगडी चेहरा उजळायचा. पाहुण्यांनाही त्याने ही गोडी लावली. एक निवृत्त न्यायाधीश मासा गेल्यावर पाण्यात उभे राहून रडले होते, आणि रात्री जेवताना त्यांनी माझ्याकडून पुडिंग दोनदा मागून घेतलं.

गेल्या मार्चमध्ये त्याच्या बायकोच्या, इशबेलच्या पोटात कॅन्सर निघाला. मे संपेपर्यंत ती अंथरुणाला खिळली होती. दोन चमचे सूप घेतलं तरी आम्हाला दिवस चांगला गेला असं वाटायचं. आणि अशात तिला वासना झाली ती नदीच्या सॅमनची. तिची आई नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून द्यायची तसा. मी दुकानातला आणला, तस्साच उकडला आणि नदीचाच आहे म्हणून दिला. तिने एक घास जिभेवर ठेवला आणि काढून बशीत टाकला.

"डोलिना, मी मरतेय. मूर्ख झालेली नाही."

फार्करकडे तिने एकदाच मागितला. तो उठला आणि परसात जाऊन लाकडं फोडायला लागला. मी त्याच्या मागोमाग गेले.

"एक मासा, फार्कर! एका माशाने नदी आटणार आहे का?"

"प्रत्येकाकडे एका माशाचं कारण असतं. माझ्या बापाकडेही असायचं."

"तुझ्या बापाची बायको मरत नव्हती!"

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि फोडलेली लाकडं रचायला घेतली. मी पाय आपटत घरी आले.

जूनमधल्या एका बुधवारी मी दुपारच्या जेवणाची टोपली घेऊन डोहावर गेले. मिसेस थर्लो नावाच्या पाहुण्या बाईंच्या गळाला नुकताच मासा लागला होता. चांगला आठ-नऊ पौंडांचा, समुद्रातून आलेला, चंदेरी. पण गळ कल्ल्यात खोल गेला होता, आणि फार्करने तो काढला तसं पाणी लाल झालं. फार्कर मासा धरून उभा राहिला. पाच मिनिटं, दहा, वीस. पाऊण तास झाला तरी तो वाकलेलाच. जरा हात सैल केला की मासा आडवा व्हायचा, की हा परत सरळ करायचा.

मिसेस थर्लोंना इशबेलचं मी सांगितलं होतं. त्या काठावरून म्हणाल्या, "फार्कर, गेलाय तो. घरी घेऊन जा. मी काही पाहिलेलं नाही."

"नाही बाईसाहेब."

मग मात्र मला राहवलं नाही. स्वयंपाकघरातल्या चपलांनिशी मी गुडघाभर पाण्यात शिरले. "अरे, मेलाय तो! मेलेला मासा सोडून कुणाचं भलं करणार आहेस? तिकडे ती अन्नाला तोंड लावत नाही!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. हात गारठून निळे पडले होते. आज नेईल, असं मला वाटलं. एक क्षण त्यालाही वाटलं असावं, कारण त्याने तो मासा छातीशी धरला होता. मग तो वाकला आणि त्याने दोन्ही हात उघडले. पांढरं पोट वर करून मासा वाहत गेला. मी फार्करला जे म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

टोपली तिथेच टाकून मी काठाकाठाने खाली गेले. पायपुलाच्या पलीकडे दगडांत तो अडकला होता. समुद्रपक्ष्याने एक डोळा टोचून नेला होता, बाकी धड होता. अॅप्रनमध्ये गुंडाळून मी तो सरळ इशबेलच्या चुलीवर नेला. मिठाचं पाणी, दुसरं काही नाही. तिने चार घास खाल्ले. चार! डोळे मिटून, सावकाश.

"फार्करने आणला?" तिने विचारलं.

"मग दुसरं कोण आणणार?" मी म्हटलं. खोटं बोलताना मला आनंदच झाला, लपवत नाही. तिचा चेहरा लग्नातल्यासारखा झाला होता.

साडेपाचला फार्कर आला. दारातच त्याला वास लागला. इशबेलने हात पुढे केला. "वेड्या, नोकरी जाईल ना तुझी! माझ्यासाठी नेम मोडलास?"

त्याने आधी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"हो," तो म्हणाला.

पुढचे नऊ दिवस इशबेलने कोणाला दुसरं काही बोलूच दिलं नाही. नर्स आली की सांगायची, बहीण आली की सांगायची, की माझ्या फार्करने माझ्यासाठी नदीचा नेम मोडला. आणि तो उशाशी बसून ऐकायचा. नर्सने कुठे चहाडी केली नाही. दहाव्या दिवशी सकाळी, त्याचा हात हातात घेऊन ती गेली.

दफनानंतरच्या सोमवारी तो माझ्या स्वयंपाकघरात आला. बसला नाही, टोपीही काढली नाही.

"खरं सांगायला नऊ दिवस होते माझ्याकडे," तो म्हणाला.

"नाही सांगितलंस तेच बरं केलंस. सुखात गेली रे ती."

"सुखात गेली. पण माझ्याजवळ नाही गेली, डोलिना. तू तिला जो नवरा दिलास ना, त्याचा हात धरून गेली."

मी बटाटे सोलत होते, ते हातातच राहिले. इशबेलसाठी केलं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण त्याच्याकडून मी काय काढून घेतेय, याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. तो नदीवर निघून गेला. हल्ली टोपलीतलं माझ्या हातचं काही तो खात नाही, पाव घरून आणतो.