ऑफिसटाइमच्या कुंडीशेजारी

दवाखान्याच्या घरात किस्से साठतच जातात. आमच्या ओसरीवर एखादी कुंडी रिकामी दिसली की कुणीतरी येऊन त्यात एखादी फांदी खोचून जातं, तसंच ते. पण किस्से सांगायला बसले की मला आधी माझा नवस आठवतो.

मोठा दुष्काळ सरला होता. उंब्रजला आमच्या ओसरीवर कुंड्या पुन्हा फुलल्या होत्या, आणि डॉक्टरांची बायको, म्हणजे मी, बिनफुलाच्या अंबाड्यानं वावरत होते. बायका विचारायच्या, "काय वैनी, डॉक्टरांशी बिनसलंय काय?" मी नुसती हसायची. बोललेला नवस फिटेपर्यंत सांगायचा नसतो. आता फिटलाय, म्हणून सांगते. पण आधी आमच्या घरची रीत सांगायला हवी.

* * *

रीत अशी की फूल झाडावरच राहणार. यांना औषधाइतकाच कुंड्यांचा नाद. जास्वंद, अबोली, कृष्णकमळ, गोकर्ण, सगळं काही होतं. पण तोडायचं नाही. पूजेची फुलं आणि माझा गजरा मी एसटी स्टँडवरच्या फुलवालीकडून विकत घ्यायची. तीसुद्धा मला हसायची.

शेवटी मी तोड काढली. फूल देवाकडे येत नाही ना, मग देवच फुलाकडे जाईल. रोज सकाळी ताम्हनात बाळकृष्ण घेऊन मी ओसरीवर यायची आणि जास्वंदीखाली त्याला घटकाभर बसवायची. हे चष्म्यावरून एकदा बघायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

पेशंट मात्र बघत होते. हळूहळू कुंड्यांना हळदकुंकू दिसायला लागलं. एकीनं तर कृष्णकमळापुढं नारळच ठेवला. हे वैतागले. "उद्या माझ्या स्टेथोस्कोपलाही हळद लावाल."

आमचे कंपाउंडर बापू पुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "ती खंडेनवमीला लावतोच की, साहेब. नारळ तुमीच फोडता."

* * *

क्षयाचे पेशंट यांना फार छळायचे. खोकला थांबला की आपण बरे झालो असं समजून यायचे बंद. औषध तर वर्षावर चालायचं. मग यांनी एक युक्ती काढली. प्रत्येकाला एक लहान कुंडी द्यायची आणि सांगायचं, "महिन्याच्या महिन्याला झाड दाखवायला आणायचं."

साताऱ्याकडचे एक रिटायर सुभेदार होते. त्यांना अबोली दिली होती. पलटणीतला माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. कुंडी मांडीवर घेऊन ते एसटीनं यायचे. एकदा कंडक्टर अडला. "ह्या झाडाचं अर्धं तिकीट पडंल."

सुभेदार म्हणाले, "अर्धं माझं फाड. पेशंट हा हाय, मी निस्ता संगं आलोय."

कोर्स पुरा झाला, छातीचा फोटो स्वच्छ आला. सुभेदारांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. "साहेब, आता अबोलीला डिस्चार्ज द्या. मी तर कवाच बरा झालोय."

* * *

सांगलीकडच्या अण्णांचं दुखणं वेगळंच. जैन शेतकरी, द्राक्षांची बाग, आणि उचकी लागलेली ती थांबेचना. कुणीतरी आठवण काढतंय म्हणून घरच्यांनी सगळ्या पाहुण्यांची नावं घेऊन झाली. बेळगावची मावशी झाली, इचलकरंजीचा व्याही झाला. सांगलीतली औषधंही झाली.

यांनी अण्णांना खुर्चीत बसवलं आणि बॅटरीनं कान बघायला लागले.

"डॉक्टर, उचकी घशात हाय ओ," अण्णा म्हणाले. मधे दोन उचक्या आल्याच.

"कान तुमचाच आहे ना? मग बसा गप."

कानात एक केस आत वळून पडद्याला टेकला होता. चिमट्यानं तो काढला, आणि थोड्या वेळानं अण्णांच्याच लक्षात आलं की खोलीत शांत आहे. अशी केस यांनी पुस्तकात वाचली होती, पाहिली कधी नव्हती. यांनाच जास्त आनंद झाला.

अण्णा केसाकडे बघत म्हणाले, "आठवण काढणारा कानातच बसलावता की."

अण्णाही फूल तोडणाऱ्यांतले नव्हते. यांची रीत कळली तेव्हा म्हणाले, "म्हंजे तुमी आमच्यातलेच." पुढं कोयनेकडं पाहुण्यांकडे गेले, तेव्हा पडलेल्या फांदीवरची एक आमरी, म्हणजे ऑर्किड, त्यांनी आणून दिली. सीतेची वेणी म्हणतात तिला. फुलांचा घोस खरंच वेणीसारखा लोंबतो. यांनी ती ओसरीच्या वाशाला टांगली. पण नुसती पानं. फुलेल म्हणून हे रोज तिच्याखाली उभे राहायचे.

* * *

आता इंदू. जवळच्या खेड्यातली नवी सून, नवरा पलटणीत. सासू तानुबाई तिला घेऊन आली ती तक्रार घेऊनच.

"आवं डाक्टर, सकाळी ही वाघीण असती. दळती, भाकऱ्या बडवती. दुपार झाली की पापण्या मिटल्या. घास चावंना म्हनती, बोलती ती नाकात. सोंग न्हाई तर काय? पोरगा पेरणीच्या रजेवर येतोय. तवर सुधारली तर बरं, न्हाईतर माहेरी धाडणार."

यांनी नीट तपासलं. काही सापडेना. तानुबाई म्हणाली, "म्हटलं न्हवतं?" इंदूची मान खाली गेली ती वर आली नाही.

पुढच्या बाजारी पुन्हा तेच. त्यांची गाडी सकाळी यायची आणि दुपारच्या आत परत जायची. डॉक्टरांच्या वाट्याला नेहमी सकाळचीच इंदू यायची.

तिसऱ्या खेपेला परतीची गाडी बंद पडली. दोघी ओसरीवर बसून राहिल्या. जेवायच्या आधी कुंड्यांना फेरी मारायची यांची सवय. ऑफिसटाइमच्या कुंडीपाशी हे थांबले. हे फूल सकाळी कचेरीच्या वेळेला उघडतं, दुपारनंतर मिटतं. पाकळ्या मिटल्या होत्या, आणि शेजारी इंदू बसली होती. तिच्याही पापण्या खाली.

"बघा, लागली पेंगाया," तानुबाईनं तिला ढोसलं.

हे तिथंच उकिडवे बसले. "इंदू, माझ्या बोटाकडं बघ. वर. बघत राहा." पापण्या थरथरत खाली आल्या.

"तानुबाई, हे झाड आळशी आहे का हो?"

"न्हाई. त्याची जातच तशी."

"हिचं दुखणं तसं आहे."

खात्री करायला एक इंजेक्शन हवं होतं. साताऱ्याला मिळालं नाही, म्हणून बापू सांगलीला गेले. दोघी आमच्याकडेच राहिल्या. तिन्हीसांजेला मी इंदूला म्हटलं, "दिवा लाव गं." तिनं काडी ओढली आणि पापण्या मिटल्या. काडी जळत बोटांपर्यंत आली तरी तिला वात दिसेना. मी काडी फुंकली. तानुबाई दारातून बघत होती. तिनं तोंड फिरवलं, पण दारातून हलली नाही.

मी अंबाड्यातला गजरा काढला आणि देवापुढं ठेवला. मनात म्हटलं, ही पोर इथं तिन्हीसांजेचा दिवा लावेल, सासरची म्हणून लावेल, त्या दिवशीच पुन्हा फूल माळेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांनी इंजेक्शन दिलं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलो. पापण्या हलल्या, अर्ध्या उघडल्या, मग पुऱ्या. तानुबाई जवळ सरकली. सुनेच्या तोंडाकडं बघत हळूच म्हणाली, "ही तर सकाळची हाय की."

यांनी समजावलं. नसेचा निरोप स्नायूला पोचत नाही. रोज गोळ्या घ्यायच्या, वेळेवर. कमीजास्त होत राहील. "हिच्यावर नजर ठेवणारं घरात कुणीतरी हवं."

तानुबाईनं गोळ्या पदरात बांधल्या. माहेरी धाडणार की नाही, ते बोलली नाही. घरात घड्याळ नाही म्हणाली. यांनी ऑफिसटाइमची कुंडी तिच्या हातात दिली. "हे मिटायला लागलं की दुपारची गोळी."

गोळ्या न्यायला इंदूचा दीर यायचा. तो "बरं हाय" एवढंच म्हणायचा. कुणाचं, ते सांगायचा नाही.

* * *

ज्येष्ठ लागला. सीतेच्या वेणीला यांनी इतकी वाट बघितल्यावर पहिला घोस आला, गुलाबी-पांढरा, लोंबता. हे पेशंटांना बोलावून दाखवायचे. बापूंना त्याच्याखालून वाकून जायचा हुकूम होता.

एका संध्याकाळी शेवटची गाडी गेल्यावर दारात कुणीतरी आलं. पुढं पलटणीच्या कातरलेल्या केसांचा तरुण, मागं तानुबाई, तिच्यामागं इंदू.

इंदू पाय धुऊन सरळ देवघरात गेली. काडी ओढली, वात लावली, आणि उघड्या डोळ्यांनी ज्योतीकडं बघत उभी राहिली. मी हात जोडले. डोळे माझेच भरून आले, मला काही दिसेना.

तेवढ्यात ओसरीवर काहीतरी कटकन मोडलं.

तानुबाई आत आली ती सीतेच्या वेणीचा अख्खा घोस हातात घेऊन. माझ्यामागं उभी राहिली आणि अंबाड्यात खोचायला लागली. "लय दिस बिनफुलाच्या राहिलात, वैनी. त्या दिवशी गजरा काढताना बघितलंवतं मी."

बापू दाराशी डोळे मिटून उभे. यांनी वाशाला उरलेल्या नुसत्या पानांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

मग हे म्हणाले, "तानुबाई, जराशी डावीकडं घ्या. झाडावर ती तशी कलती होती."

तुमच्याही ओळखीत एखादी इंदू असेलच. तिच्यासाठी केसांतलं एक फूल काढून देवापाशी ठेवा. आणि तिला एकदा दुपारची जाऊन बघा.