विहिरीचे दोन वाटे

इंदूआत्या गेल्याची बातमी नरसम्मानं आणली. आत्या ज्या माडीवर भाड्यानं राहायची, तिच्या खालीच नरसम्माच्या घरचे माग चालतात. होळी नुकतीच झाली होती. सकाळी ती आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "टीचरम्मा उठली नाही. आम्ही माग बंद ठेवलाय." मला आधी दुसरंच वाक्य कळलं. लोळत पेपर वाचणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचं डोकं असंच चालतं. सणासुदीलाही धड न थांबणारे माग थांबले म्हणजे काहीतरी मोठं झालंय, एवढं लक्षात आलं आणि मग पहिलं वाक्य हळूहळू आत उतरलं... त्याला आता महिना होत आला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, दादांची, धाकटी बहीण. सोलापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. घरात तिचं नाव 'परराष्ट्रमंत्री'. लग्नकार्यात रुसवेफुगवे झाले की दोन्ही बाजू तिलाच मध्ये घालत आणि काम झालं की तिचीच टिंगल करत. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या माडीवर बैठक भरायची. कुठल्या देशानं कसला बाँब केला, समुद्र कसे घाण होताहेत, जमिनीतलं तेल संपलं की पुढच्यांनी काय जाळायचं, अशी चर्चा खालच्या मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून चालायची. या बैठकीचा कायमचा अध्यक्ष मी. माझी पात्रता एवढीच, की मी वेळेवर यायचो. आणि वेळेवर यायचो ते शेंगाचटणी आणि कडक भाकरी संपायच्या आत पोचावं म्हणून. पण आत्याची चिंता नुसती तोंडाची नव्हती. बांगलादेशच्या लढाईआधी निर्वासितांचे लोंढे येऊ लागले, तेव्हा तिनं गल्लोगल्ली हिंडून चादरी जमवल्या. सोलापुरात दुसरं काय मागणार? चादरींचे गठ्ठे स्टेशनपर्यंत अध्यक्षांच्या पाठीवरून गेले. आठवडाभर अध्यक्ष वाकून चालत होते.

त्यानंतरच्या वर्षी आमच्याकडे दुष्काळ पडला. रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे जाडीभरडी तांबडी ज्वारी, मिळायचा, आणि तो आणायला निघालेल्या मला आत्या सांगायची, "बघ वसंता, जग कसं आपल्या ताटात आलंय." मी म्हणायचो, जग जरा मऊ शिजलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं गाव मोहोळजवळ. तिथं दादा शेती करत. सांगोल्याकडचा बिरू दरसाल सुगी संपली की मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरायचा. रात्री मेंढरं शेतात बसवायची, म्हणजे जमिनीला लेंडीखत मिळतं. बदल्यात बिरूला ज्वारी आणि विहिरीवर पाणी. आजोबांच्या काळापासूनची ही रीत. त्या वर्षी सुगीच झाली नाही. विहिरीचा तळ दिसू लागला आणि दादांची लिंबाची बाग सुकू लागली. दादांनी बिरूला सांगितलं, औंदा पाणी न्हाय. बिरू म्हणाला, "दादा, लिंबं वरडत न्हाईत. मेंढरं वरडत्यात." ते उत्तर दादांना झोंबलं. त्यांनी विहिरीवर काठ्या घेतलेली माणसं बसवली. ओढ्यापलीकडं बिरूच्या भावकीतली माणसं कुऱ्हाडी घेऊन बसली. मेंढक्याच्या खांद्यावर कुऱ्हाड एरवीही असतेच, पण ती खांद्यावरून मांडीवर आली की गाव दारं लावून घेतं.

हे सोलापुरात कळताच आत्या पहिल्या एसटीनं निघाली. मी संरक्षणासाठी बरोबर गेलो, म्हणजे तिची पिशवी धरायला. दादा ओसरीवर होते. तिला बघून म्हणाले, "तू हितं कशाला आलीस? तुझं जग सोलापुरात हाय की."

"वाटणी मागाय आले," आत्या म्हणाली.

आमच्याकडे बहीण साडीचोळी घेते, वाटणी मागत नाही. मागितली तर भावाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आत्यानं उभ्या जन्मात कधी मागितली नव्हती. ती पुढे म्हणाली, "जमीन नको, घर नको. विहिरीतलं निम्मं पाणी दे. माझ्या पाण्याचं काय करायचं ते मी बघीन."

दादा त्या दिवशी जेवले नाहीत. मी जेवलो, घरात एकानं तरी शांत राहायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "वाटं मी करनार." आत्या म्हणाली, "कर की. थोरला हाईस. उचलीन मी." ही आमची जुनी पद्धत. थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं.

दादांनी वाटे केले ते दादांसारखेच. एक पहाटेचं पाणी, एक दुपारचं. रात्रभर पाझरून विहिरीत जे साठतं ते पहाटे मिळतं. दुपारी उरतो गाळ. पण शहरात राहणारी मास्तरीण काही पहाटे उठायची नाही, ती दुपारच उचलणार, असा त्यांचा हिशेब. हिशेब अगदीच चूक नव्हता. मीसुद्धा मनातल्या मनात दुपारचाच वाटा उचलला होता. आत्या म्हणाली, "पहाटेचं माझं."

दादा दुपारी विहिरीवर गेले तर बादलीत चिखल आला. दोन-तीन दिवस लिंबांना चिखल पाजून झाल्यावर ते घरात येऊन म्हणाले, "ह्ये काय खरं न्हाय. परत वाटं करतो." आत्या हसली नाही. एवढंच म्हणाली, "कितीदाबी कर. उचलायची मीच."

मग दादा बांबूची काठी घेऊन विहिरीच्या काठी कडुनिंबाखाली बसले. पाणी कुठवर चढतं, कधी चढतं, ऊन किती ओढून घेतं, सगळं बघत. भाकरीही तिथंच. शेवटी त्यांनी नवे वाटे सांगितले. रात्रीचं साठलेलं सूर्य उगवताना काढायचं, दिवसाचं साठलेलं सूर्य बुडताना. काठी जमिनीवर टाकून म्हणाले, "घे. कुटला बी उचल. मला काय फरक पडत न्हाय आता."

"एवढंच ऐकायचं होतं, दादा," आत्या म्हणाली, आणि तिनं सांजेचं पाणी उचललं, कारण बिरूची मेंढरं चरून पाण्यावर यायची वेळ तीच. काठ्या आणि कुऱ्हाडी आपापल्या घरी गेल्या. त्या उन्हाळ्यात काही लिंबं गेली, बिरूलाही थोडी मेंढरं विकावी लागली. पण कुणी कुणावर हात उगारला नाही, आणि पाऊस झाल्यावर मेंढरं बसवलेल्या रानात जी ज्वारी आली, ती दाखवायला दादा रस्त्यानं जाणाऱ्यालाही थांबवत.

शुक्रवारच्या बैठकीत आत्यानं हे सगळं सांगितलं. म्हणाली, मोठे देश वाटेही स्वतःच करतात आणि आधी उचलतातही स्वतःच; भांडणं मिटणार कशी? कुणीतरी म्हणालं, "बाई, जग म्हणजे तुमच्या दादांची विहीर नव्हे." आत्या म्हणाली, "नाही ना. पण आमच्या दादांसारखी हट्टी माणसं तिथंही असतीलच. आमचे दादा सुधारले, मग ती का नाही सुधारणार?"

त्यानंतर दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती गावी जायची. दादा वाटे करायचे, ती उचलायची. यंदा गावी तिचे दिवस घालून झाल्यावर बिरू भेटायला आला. ओसरीच्या खाली घोंगडं टाकून बसला, आत्याबद्दल चार शब्द बोलला, आणि मग खालमानेनं म्हणाला, "येतो दादा. मेंढरं भीमेकडं नेतो म्हनतो." का ते सगळ्यांना कळत होतं. वाटा बहिणीचा होता. बहीण गेली, वाटा भावाकडे परत आला. गावात कुणीही हेच सांगितलं असतं. मीही परराष्ट्र खात्याचा एकुलता एक शिल्लक माणूस म्हणून काहीतरी बोलावं असं मनात घोळवत होतो, पण माझं भाषण जुळेपर्यंत दादा उठले आणि विहिरीकडे चालू लागले. आम्ही मागं गेलो.

काठावर उभं राहून दादा म्हणाले, "दिस उगवताना एक, बुडताना एक." मग त्यांची बाजूला नजर गेली, तिथं कुणी नव्हतं. बिरूकडं वळून म्हणाले, "वाटं मी केलं. तू उचल."

बिरू गोंधळला. "तुमीच सांगा की, दादा."

"मी सांगायचं नसतं," दादा खेकसले. "येवढी वरसं बघतुयास, अजून कळंना व्हय तुला?"

बिरूनं वाकून विहिरीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सांजचं," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मेंढरं ओढ्यातून वर आली, तेव्हा बिरूच्या हातातला दोर दादांनी काढून घेतला. वयाला न शोभणाऱ्या हट्टानं पहिली बादली त्यांनीच वर ओढली आणि मेंढरांपुढच्या दगडी डोणीत ओतली.