शेवटची ओव्हर

बाबा मॅचची शेवटची ओव्हर कधीच पाहत नसत. आपण पाहिली की भारत हरतो, अशी त्यांची खात्रीच होती. सामना अटीतटीला आला की ते गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालत बसायचे. आतून आम्ही ओरडलो की समजायचे, जिंकलो.

वर्ल्ड कप पाहायला आम्ही तिघं ऑस्ट्रेलियाला गेलो, तेव्हा स्टेडियममध्येही शेवटच्या ओव्हरला ते सवयीने उठले. आईने त्यांची बाही धरली.

"एवढ्या लांब आलोय. बसा आता. हरले तर हरले."

"अगं, पण..."

"बसा म्हणते ना!"

बाबा बसले आणि त्यांनी आईचा हात घट्ट धरला. मी मैदान सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. जीव लावलेल्या गोष्टींसाठी माणूस कसली कसली ओझी वाहतो! सगळ्या संघाचा विजय बाबांनी इतकी वर्षं एकट्याने सांभाळला होता.

शेवटच्या चेंडूवर आपला फलंदाज बाद झाला. आपण हरलो. आता बाबा स्वतःला दोष देणार, म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यांचे डोळे चमकत होते.

"काय गं ही मजा!" ते म्हणाले. "आणि तुम्ही दोघी इतकी वर्षं माझ्याशिवाय बघत होतात?"