शेवटचं कडवं

वैशाख पौर्णिमेसाठी आमच्या विहाराला चुना मारतात, तेव्हा त्या ओल्या वासाने मी दरवर्षी नाकाला पदर लावते.

विहाराच्या उद्घाटनाला हाच वास होता. गावाने जुने देव सोडले तशी जुनी गाणीही सुटली होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, नवी रचली आणि शेतावरून दमून आलेल्या बायकांना पेटी वाजवून शिकवली. रीतीप्रमाणे प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते आपलं नाव गुंफत.

त्या दिवशी नेमके तिथेच गावाच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष उठले. "आबा, इथंच थांबवा. विहारात माणसाचं नाव कशाला?"

तरीही बायकांनी कडवं उचललं, आई सगळ्यांत पुढे. आबांनी पेटीचा भाता मिटला आणि टक्कन कडी लावली. सूर गेला तसे आवाज एकेक करून बसले.

"बरोबर आहे त्यांचं," आबा हसून म्हणाले. तेव्हा मला तो त्यांचा मोठेपणा वाटला. आज वाटतं, चारचौघांत मार खाल्लेला माणूसही असाच हसतो. त्यानंतर त्यांनी एकही ओळ रचली नाही.

विहाराच्या दारावर आता अध्यक्षांचं नाव आहे, संगमरवरात. चुन्याचे डाग पडू नयेत म्हणून रंगारी त्यावर आधी कागद चिकटवतात.

यंदा पौर्णिमेला तेच गाणं झालं. "कवी अज्ञात," निवेदक म्हणाला. सगळे थांबले तिथून मी पुढचं कडवं सुरू केलं, तर शेजारच्या मुलीने माझा हात दाबला.

"काकी, गाणं संपलं."